लेखन संपादकाकडे देताना: मसुद्यापासून छपाईच्या परवानगीपर्यंत

पुण्यात मी स्वतंत्रपणे संपादनाचं काम करते. माझ्याकडे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते आठवणी घेऊन येतात, डॉक्टर आहारावरचं पुस्तक आणतात, विद्यार्थी प्रबंध आणतात आणि सोसायटीचे सचिव पुनर्विकासाचं निवेदन आणतात. बहुतेकांची मागणी एकच असते: ‘लिहून झालंय, फक्त शुद्धलेखन बघून द्या.’ मग वाचायला घेतलं की दिसतं, मुख्य मुद्दा अकराव्या पानावर आहे, एकच प्रसंग तीन ठिकाणी आलाय आणि ‘त्यांनी’ म्हणजे नेमकं कोणी, हे कळत नाही. अशा मजकुराचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिले तर तो शुद्ध होईल, पण वाचणाऱ्याला कळणार नाही.

चूक क्रमाची होते. आधी आशय, मग रचना, मग वाक्यं, मग तपशील आणि शुद्धलेखन सगळ्यात शेवटी, हा क्रम मोडला की तेच काम दोनदा करावं लागतं आणि पैसेही दोनदा जातात. म्हणून हा लेख टप्प्याटप्प्याने लिहिला आहे. पुस्तक असो, लेख असो, नाहीतर चार पानांचं निवेदन, क्रम तोच ठेवा.

टप्पा १: संपादक शोधण्याआधी एक पान लिहा

मजकूर बाजूला ठेवा आणि कोऱ्या कागदावर तीन प्रश्नांची उत्तरं लिहा.

१. हे कोण वाचणार आहे? ‘सगळे’ हे उत्तर चालणार नाही. ‘नुकताच मधुमेह कळलेला, पन्नाशीतला, मराठी माध्यमात शिकलेला माणूस’ हे उत्तर चालेल.

२. मला काय सांगायचं आहे? एका वाक्यात लिहा. दोन वाक्यं लागत असतील तर कदाचित तुमच्याकडे दोन लेख आहेत.

३. वाचून झाल्यावर वाचणाऱ्याने काय करावं, किंवा त्याला काय कळलेलं असावं?

दुसऱ्या प्रश्नापाशी बरेच जण अडतात आणि ते अडणं फार उपयोगाचं असतं. भोसरीच्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला ‘माझं जीवन’ सांगायचं असतं, पण थोडं बोलतं केलं की कळतं, त्याला संपाच्या दिवसांत माणसं एकमेकांशी कशी वागली ते सांगायचं आहे. हे एकदा कळलं की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात. पान लिहायला जमतच नसेल तर फोनवर बोलून रेकॉर्ड करा. बोलताना माणूस मुद्द्यावर लवकर येतो.

*तपासा:* दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरातल्या एखाद्याला वाचून दाखवा आणि ‘तुला काय कळलं?’ असं विचारा. त्याने सांगितलेलं आणि तुम्ही लिहिलेलं जुळत नसेल तर मजकुराला अजून हात लावू नका.

टप्पा २: कोणतं काम हवं आहे ते नावानिशी ठरवा

संपादन या एका शब्दाखाली तीन वेगळी कामं येतात.

आशय आणि रचनेचं संपादन: काय ठेवायचं, काय काढायचं, कुठे काय यायला हवं. यात प्रकरणं इकडची तिकडे होतात.

भाषासंपादन: वाक्यं सुटी आणि स्वच्छ करणं, संदिग्धता काढणं, लेखनात सुसूत्रता आणणं.

मुद्रितशोधन: पानं लावून झाल्यावर छापील प्रतीवर केलेली शेवटची तपासणी.

तिन्ही कामांना वेगळा वेळ आणि वेगळा मोबदला लागतो. मुद्रितशोधनाचे पैसे देऊन रचनेची अपेक्षा ठेवली की दोघांनाही मनस्ताप होतो.

प्रबंधाच्या बाबतीत एक मर्यादा आहे. तिथे संपादकाने भाषेपुरतंच काम करावं. युक्तिवाद, निष्कर्ष, आकडे यांना हात लावू नये, आणि बाहेरच्या माणसाकडून भाषा तपासून घेत असल्याचं मार्गदर्शकांना आधी सांगावं.

टप्पा ३: फाइल तयार करा

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण सर्वात जास्त वेळ इथेच वाया जातो.

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर मराठीच दिसेल अशा पद्धतीने टाइप केलेला, असू द्या. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास डीटीपी (संगणकावर टंकलेखन आणि पानांची मांडणी) करून घेतलेला जुना मजकूर बहुधा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता दिसतो. कन्व्हर्टर वापरून असा मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, पण त्यानंतर तो डोळ्यांनी वाचावाच लागतो. रफार सरकतात, जोडाक्षरं तुटतात आणि ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. शेवटची चूक सहज निसटते, कारण तयार होणारा शब्दही खराच असतो: ‘दऱ्या’ ओलांडायच्या ऐवजी माणूस ‘दर्या’ ओलांडतो आणि लग्नातल्या ‘आचाऱ्यांना’ दिलेली बिदागी ‘आचार्यांना’ पोचते.

पीडीएफ पाठवू नका. तिच्यातून देवनागरी मजकूर उचलला की काना-मात्रांची जागा अनेकदा बिघडते. वर्डची फाइल द्या किंवा गूगल डॉक्सवर टाका.

हाताने लिहिलेलं असेल तर कागदाच्या एकाच बाजूला लिहा, ओळींमध्ये जागा सोडा आणि प्रत्येक पानावर क्रमांक घाला. टंकलेखन कोण करणार, हे आधी ठरवा. संपादकाकडून टंकलेखनाची अपेक्षा असेल तर ते काम वेगळं मोजलं जाईल.

फोनवर बोलून टाइप केलेल्या मजकुराचं प्रमाण आता खूप वाढलं आहे, विशेषतः ज्येष्ठांमध्ये. ही सोय फार चांगली आहे, ज्यांचा हात चालत नाही त्यांनी ती जरूर वापरावी. मात्र त्यात पूर्णविराम नसतात, परिच्छेद नसतात आणि फोनला न कळलेल्या आडनावांच्या जागी भलतेच शब्द येतात. पाठवण्याआधी निदान माणसांची आणि गावांची नावं दुरुस्त करा. ती फक्त तुम्हालाच माहीत आहेत.

छायाचित्रं व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलीत तर ती दाबली जातात आणि छपाईच्या लायक राहत नाहीत. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर ठेवा. फाइलला ‘आजोबा १’ असं नाव देण्यापेक्षा ‘प्रकरण ४, शनिवार पेठेतला वाडा, १९५८’ असं नाव द्या.

*सावध:* ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल शेवटची’ अशा तीन फाइली देऊ नका. नावात तारीख घाला आणि एकच फाइल द्या. संपादकाने काम सुरू केल्यावर तुमच्याकडच्या जुन्या प्रतीत एक शब्दही बदलू नका. दोन प्रतींमध्ये समांतर बदल झाले की ते जुळवायला दिवस जातात.

टप्पा ४: नमुना मागा आणि अटी लिहून घ्या

संपादकाला दोन-तीन पानं द्या, तीही मधली. सुरुवात तुम्ही पुष्कळदा घासलेली असते, खरी अवस्था मधल्या पानांत दिसते. नमुना परत आला की दोन गोष्टी बघा. आपला अर्थ शाबूत आहे का? आणि हे अजून आपल्यासारखं वाटतंय का?

दुसऱ्या प्रश्नाचं महत्त्व कमी समजू नका. मुळशीकडच्या बाईंनी भाताची ‘आवणी’ आणि पावसातलं ‘इरलं’ लिहिलं असेल आणि संपादकाने त्याचं ‘लावणी’ आणि ‘रेनकोट’ केलं असेल, तर तो संपादक तुमच्यासाठी नाही. शहरी वाचकाला शब्द अडेल अशी शंका असेल तर पुढच्या वाक्यात तो संदर्भाने उलगडता येतो.

मोबदला शब्दांवर ठरवा. ‘पानामागे’ ठरवलं तर फुलस्केपचं पान, वर्डचं पान की डेमी आकारातलं छापील पान, यावरून नंतर वाद होतात. त्याशिवाय एका ईमेलमध्ये हे लिहून ठेवा: कोणतं काम, किती शब्द, किती फेऱ्या, कोणत्या तारखेला, किती रक्कम आगाऊ, मजकूर गुप्त राहील का, आणि मतभेद झाल्यास शेवटचा शब्द कोणाचा. शेवटचा शब्द लेखकाचाच असावा, असं माझं ठाम मत आहे. खाली नाव त्याचं असतं.

वेळेचा हिशेब पुण्याच्या दिनदर्शिकेने करा. दिवाळी अंकांमुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये संपादक, मुद्रितशोधक, डीटीपीवाले आणि छापखाने सगळेच गुंतलेले असतात. त्यात गणेशोत्सवाच्या शेवटच्या दिवसांत पेठांमधल्या दुकानांत प्रूफ (तपासणीसाठी काढलेली पानं) आणायला-न्यायला जाणं अवघड होतं. डिसेंबरात पुस्तक प्रकाशित करायचं असेल तर रचनेचं काम उन्हाळ्यातच संपायला हवं.

टप्पा ५: रचना

इथे घाई करू नका. स्पष्टपणा सगळ्यात जास्त इथे येतो किंवा इथेच जातो.

संपादक काय करतो ते सांगते, म्हणजे तुम्हीही आधी करून बघू शकाल. प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक घाला. वेगळ्या कागदावर तेच क्रमांक लिहून प्रत्येकासमोर एकच ओळ लिहा: हा परिच्छेद काय सांगतो. ‘बालपणाविषयी’ असं लिहू नका. ‘वाड्यात एका नळावर नऊ बिऱ्हाडं होती, म्हणून भांडणं आणि मैत्री दोन्ही तिथेच झाली’ असं पूर्ण वाक्य लिहा.

आता फक्त हा कागद वाचा. एका परिच्छेदासाठी दोन ओळी लागल्या असतील तर त्याचे दोन परिच्छेद करा. दोन परिच्छेदांसमोर तीच ओळ आली असेल तर चांगला ठेवा, दुसरा काढा. ज्याच्यासमोर काहीच लिहिता आलं नाही, त्याच्या जागेचा पुन्हा विचार करा. आणि टप्पा १ मधल्या तुमच्या एका वाक्याशी ज्याचा संबंधच लागत नाही, तो कितीही सुंदर लिहिलेला असला तरी या लेखनात नको.

सुरुवातीकडे खास लक्ष द्या. आठवणींच्या पुस्तकात बहुतेकदा पहिली काही पानं कुळाचा इतिहास, मूळ गाव आणि जन्मतारीख यांत जातात आणि खरी सुरुवात त्यानंतर होते. कुळाची माहिती घरच्यांसाठी मोलाची असते, ती परिशिष्टात नीट मांडा. निवेदनातही मुद्दा आधी येऊ द्या: मागणी पहिल्या परिच्छेदात, कारणं नंतर, कागदपत्रांचा उल्लेख शेवटी. महापालिकेच्या अधिकाऱ्याला पहिल्या पाच ओळींत मागणी सापडली नाही, तर तो पुढच्या पानावर शोधायला जाईल याची खात्री नाही.

काढलेला मजकूर फेकू नका. ‘काढलेलं’ नावाची वेगळी फाइल करा आणि सगळं तिथे ठेवा. त्यामुळे काढणं सोपं जातं. त्यातूनच पुढे एखादा स्वतंत्र लेखही निघतो.

*तपासा:* नवा क्रम लावून झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य ओळीने वाचा. गोष्ट कळली पाहिजे. जिथे उडी बसते तिथे जोडणारं वाक्य हवं आहे.

*सावध:* या टप्प्यावर ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसू नका. उद्या तो परिच्छेदच उडू शकतो.

टप्पा ६: वाक्यं

आता भाषा. मोठ्याने वाचा. जिथे श्वास अडतो तिथे वाक्य अडलेलं असतं.

कागदी मराठीचं एक उदाहरण घ्या: ‘सदर पुस्तकाच्या माध्यमातून मधुमेहाच्या रुग्णांच्या आहाराच्या संदर्भात असणाऱ्या विविध गैरसमजांचे निराकरण करण्याचा प्रयत्न करण्यात आलेला आहे.’ यातलं काम कोण करतंय ते दिसत नाही आणि ‘च्या’ची साखळी लागली आहे. बदललेलं असं: ‘मधुमेह झालेल्यांनी काय खावं, याबद्दल बरेच गैरसमज आहेत. ते मी या पुस्तकात एकेक करून तपासले आहेत.’ ‘करण्यात आले’, ‘च्या माध्यमातून’, ‘च्या संदर्भात’, ‘च्या दृष्टिकोनातून’ हे चार प्रयोग मजकुरात शोधा आणि प्रत्येक ठिकाणी कर्ता परत आणता येतो का बघा. पुष्कळ वेळा येतो.

दुसरा मोठा दोष संदिग्ध सर्वनामांचा. ‘वडिलांनी काकांना सांगितलं की त्यांची बदली नाशिकला झाली आहे.’ बदली कोणाची? लिहिणाऱ्याला पक्कं माहीत असतं, म्हणून त्याला हा प्रश्नच दिसत नाही. अशा ठिकाणी चांगला संपादक अंदाजाने बदल करत नाही, समासात शंका लिहितो. त्याने न विचारता ‘वडिलांची बदली’ केलं आणि ती काकांची असली, तर वाक्य स्पष्ट होईल, पण खोटंही होईल.

‘फक्त’ची जागाही तपासा. ‘फक्त मी त्यांना पत्र लिहिलं’ आणि ‘मी त्यांना फक्त पत्र लिहिलं’ यांत फरक आहे. ‘ही’ आणि ‘च’ यांचंही तसंच.

‘केले’ आणि ‘केलं’ यांपैकी एक निवडा. दोन्ही चालतात, पण एकाच मजकुरात सरमिसळ झाली की वाचकाला दोन माणसं बोलतायत असं वाटतं. संवाद मात्र पात्राच्या तोंडी शोभेल तसेच राहू द्या.

आदराचंही ठरवून टाका. ‘आत्या आली’ की ‘आत्या आल्या’? आजोबांना ‘ते’ आणि आजीला ‘ती’ हे घरात जसं बोलतात तसं ठेवायला हरकत नाही, फक्त पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तेच हवं.

असे निर्णय एका कागदावर जमवत जा. याला शैलीपत्रक म्हणतात: आडनावांची लेखनं, गावांची नावं, अंक की अक्षरं, कोणाला आदरार्थी बहुवचन. शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे, शासनाने मान्य केलेले १८ नियम आधाराला घ्या. त्यातले १४ नियम १९६२ सालचे आणि ४ नियम १९७२ सालचे आहेत. ते काही पानांत मावतात, एकदा शांतपणे वाचून काढा. ‘कवी’ दीर्घ पण ‘कविसंमेलन’ ऱ्हस्व, यासारख्या रोजच्या शंका तिथेच सुटतात.

*सावध:* ‘सगळीकडे बदला’ ही सोय देवनागरीत फार जपून वापरा. ‘राम’चं ‘श्रीराम’ करायला गेलात तर ‘आराम’चं ‘आश्रीराम’ होतं आणि ‘ग्राम’चं तर वाचताही येत नाही असं काहीतरी होतं. एकेक ठिकाण बघत बदला.

टप्पा ७: संपादकाच्या शंकांना उत्तरं

फाइल ट्रॅक चेंजेससह, म्हणजे केलेला प्रत्येक बदल रंगात दाखवून, परत येईल. लाल रंग बघून घाबरू नका आणि ‘सगळं मान्य’ हे बटणही दाबू नका. आधी समासातल्या शंकांची उत्तरं द्या, मग बदल बघा. न पटलेला बदल नाकारताना एका ओळीत कारण लिहा, म्हणजे पुढे तसाच बदल होणार नाही. ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा’ हे उत्तर कृपया देऊ नका. शंका तुमच्या अर्थाबद्दल असते आणि तो अर्थ संपादकाकडे नाही.

टप्पा ८: तपशील आणि परवानग्या

आठवण वेगळी आणि नोंद वेगळी. पुण्यातल्या एका पिढीच्या जवळजवळ प्रत्येक आत्मकथनात पानशेतचा पूर येतो आणि त्यात तपशील हमखास घसरतात. पूर १२ जुलै १९६१ रोजी आला. पानशेतचं धरण सकाळी फुटलं, त्यामागे खडकवासल्याचंही फुटलं आणि पाणी शहरात दिवसाउजेडी शिरलं. मजकुरात ‘त्या रात्री झोपेत असतानाच लोंढा आला’ असं असेल तर संपादकाने तिथे थांबवायलाच हवं. कदाचित लेखकाला त्यानंतरची काळोखातली रात्र आठवत असेल. ती रात्र खरी आहे, ती तिच्या जागी लिहावी.

नावांचा काळही बघा. विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव २०१४ साली मिळालं, तेव्हा १९७५च्या प्रसंगात ‘पुणे विद्यापीठ’ लिहिणं बरोबर आहे. लकडी पूल लिहायचा की छत्रपती संभाजी पूल, ते एकदा ठरवा. पहिल्या उल्लेखात दोन्ही देऊन पुढे एकच वापरता येतं.

कवितेच्या ओळी प्रकरणाच्या डोक्यावर घालायची हौस अनेकांना असते. भारतात साहित्यकृतीचा स्वामित्वहक्क लेखकाच्या निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं टिकतो. तो संपला नसेल तर वारसांची किंवा प्रकाशकाची लेखी परवानगी मागा. पत्रांबद्दल फार कमी लोकांना माहीत असतं: तुम्हाला आलेलं पत्र तुमच्या मालकीचं असतं, पण त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याकडे राहतो.

*तपासा:* प्रत्येक तारीख, आडनाव आणि आकडा पेन्सिलने गोल करा. समोर लिहा: कागद आहे, कोणाला विचारलं, किंवा फक्त आठवण. ‘फक्त आठवण’ असेल तिथे वाक्यातही ‘मला आठवतं त्याप्रमाणे’ असं येऊ द्या.

टप्पा ९: मांडणी आणि प्रूफ

युनिकोडमधला स्वच्छ मजकूर डीटीपीला गेला म्हणजे झालं, असं समजू नका. काही ठिकाणी अजून पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर काम चालतं आणि पेजमेकरला युनिकोड कळत नाही. म्हणून मजकूर पुन्हा जुन्या फॉन्टमध्ये नेला जातो आणि टप्पा ३ मधल्या सगळ्या चुका नव्याने शिरू शकतात. कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये पानं लागणार, हे आधी विचारा आणि काहीही उत्तर आलं तरी पूर्ण प्रूफ वाचा.

प्रूफ कागदावर वाचा. एका फेरीत फक्त मजकूर. दुसऱ्या फेरीत फक्त शीर्षकं, पानांचे क्रमांक, अनुक्रमणिका, छायाचित्रांखालच्या ओळी आणि पानाच्या वरच्या कडेचं प्रकरणाचं नाव. मुखपृष्ठ, कणा आणि मलपृष्ठ यांच्यासाठी तिसरी, वेगळी फेरी करा. मोठ्या अक्षरांतली चूक डोळ्यांना सहज चुकवते.

या टप्प्यावर नवीन परिच्छेद घालू नका. पुस्तक साधारणपणे १६ पानांच्या फॉर्म्यात, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या गठ्ठ्यात, छापलं जातं. १६० पानांचे बरोबर दहा फॉर्मे होतात, आणि तुमच्या चार जादा ओळींनी १६१वं पान उघडलं की छपाईचा हिशेब बदलतो. काही घालणं अगदी अटळ असेल तर त्याच पानावरच्या तेवढ्याच ओळी काढा. दुरुस्त्या झाल्यावर दुसरं प्रूफ मागा आणि त्यात निदान खुणा केलेल्या सगळ्या जागा व त्यांच्या मागची-पुढची ओळ वाचा. एक चूक काढताना शेजारी दुसरी होणं हे नेहमीचं आहे.

दुसरं प्रूफ स्वच्छ असेल तर ‘छपाईला परवानगी’ असं लिहून, तारीख घालून सही करा आणि त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा. परवानगी फोनवर तोंडी देऊ नका. सहीनंतर काही सुचलं तर ते पुढच्या आवृत्तीसाठी ‘काढलेलं’ शेजारच्या नव्या फाइलमध्ये टिपून ठेवा.